छाट

निपाणीत वर्गाच्या खिडक्या उघडल्या
की वखारींचा खकाणा आत येतो.
शिंकत शिंकतच शिकवावं लागतं.
बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक अमेरिकन कादंबरी होती :
कापसाचा गाव, जिनिंगचा मालक,
आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत
सावलीत टांगलेला एक तराजू.

मी फळ्यावर लिहिलं : प्रतीक. रूपक. उपरोध.
मागच्या बाकावरच्या दोघांसाठी खाली कन्नडमध्येही लिहिलं,
एक ओत्तक्षर चुकलं, ते हसले, मीही हसलो.
म्हणालो, लेखक कुठंच रागावत नाही बघा,
नुसतं तराजूचं वर्णन करतो,
पितळ किती लखलखीत, साखळ्या किती सारख्या,
दर रविवारी मालकीण तो चिंचेनं घासून घेते
(चिंच माझी; तिकडं कशानं घासतात कोण जाणे)
आणि आपल्याला कळतं, माप खोटं आहे.
याला म्हणतात अलंकार.

बिल्किस मुजावर आठ दिवस आली नाही म्हणून घरी गेलो.
तिची आई जैतुनबी सूप मांडीवर घेऊन बसलेली.
मान वर न करता म्हणाली,
"काय शिकिवतासा, सर, पोरीला?"
"अलंकार."
तिनं पान कातरलं, तंबाखू भरली, दोरा आवळला.
"आमचं तर सोसायटीत हैत गहाण.
सोडवायचं शिकिवतासा काय?"

शनिवारी कारखान्याच्या खिडकीशी
कारकून विड्या चिमटीत धरून बघतो.
ही सैल. ही आखूड. ही उगीचच.
हजारातल्या ऐंशी बाजूला : छाट.
छाटीचे पैसे मिळत नाहीत,
छाट परतही मिळत नाही.
तिचीही बंडलं बांधतात, लेबल डकवतात,
आणि बाजारात
तीही इतर विड्यांसारखीच जळते.

चाचणीला प्रश्न काढला :
तराजू हे प्रतीक समाजावर टीका कशी करतं? दहा गुण.
गाईडात होतं, तराजू म्हणजे न्याय.
बेचाळीस पोरांनी लिहिलं, तराजू म्हणजे न्याय.
बिल्किसनं लिहिलं :
"तराजूचा काही गुन्हा नाही.
मालकाचा अंगठा पारड्याखाली आहे.
मालकाच्या हाताचं वर्णन सहा वेळा येतं,
अंगठी येते, नखं येतात, चार बोटं येतात,
अंगठा एकदाही येत नाही.
जे लिहिलं नाही ते प्रतीक आहे.
आमच्यात उलटं आहे.
अंगठा आईचा आहे, आणि तो प्रत्येक कागदावर आहे."

मी लाल पेनानं समासात लिहिलं : विषयांतर.
उत्तर आखूड. भाषा सैल.
दहात तीन.

मार्चमध्ये धारवाडला चर्चासत्र होतं.
मी निबंध वाचला, 'अनुल्लेखाचा अलंकार'.
अंगठ्यापाशी आलो तेव्हा सभागृह गप्प झालं,
मग टाळ्या.
शाल दिली, प्रवासभत्ता दिला,
विशेषांकात छापायला पासपोर्ट साइज फोटो मागितला.
चहाच्या वेळी एका वृद्ध प्राध्यापिकेनं विचारलं,
"ही दृष्टी तुम्हाला कुठं सापडली?"
म्हणालो, "शिकवता शिकवता."
वाक्यात खोटं काहीच नव्हतं.
पितळ लखलखीत होतं.

रात्री निपाणीच्या स्टँडवर उतरलो.
कठड्यावर बसलेल्या हमालानं विडी पेटवली,
बंडल माझ्यापुढंही धरलं.
मी ओढत नाही, तरी घेतली.
कुणी वळली, ते विडीवर लिहिलेलं नसतं.
लेबलावर मालकाचा फोटो असतो,
फेटा, मिशा, कोटाची बटणं.
दिव्याखाली धरून मी बराच वेळ पाहिला.
छातीपर्यंतचाच होता.
हात आलेलेच नव्हते.